पहिलीत जाण्याआधी घरी काय करावे?

जूनच्या मध्याला पुण्यातील राज्य मंडळाच्या शाळा सुरू होतात आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच असतो : मूल पहिलीत जाणार आहे, त्याची तयारी कशी करून घ्यावी? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. मुलांचा विषय असल्याने पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. उत्तरे देताना मी एकच कसोटी लावली आहे. चाळीस मुलांच्या वर्गात बाई जे शिकवणारच आहेत, ते घरी आधीच उरकण्याची घाई करू नये. आणि चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना इच्छा असूनही जे करता येणार नाही, ते घरी झालेच पाहिजे.

प्रश्न : माझा मुलगा नोव्हेंबरच्या अखेरीस सहा वर्षांचा होईल. शाळेने या जूनमध्येच त्याला पहिलीत घेण्याची तयारी दाखवली आहे. तो मोठ्या गटात रमतो, गोष्टी मन लावून ऐकतो, पण लिहायला बसवले की कंटाळतो. सासूबाई म्हणतात एक वर्ष थांबा. यजमानांना वाटते की वर्ष वाया जाईल. काय करावे? (एक आई, धनकवडी)

उत्तर : नियमापुरते बोलायचे तर शाळेचे म्हणणे बरोबर आहे. राज्य शासनाच्या २०२० मधील निर्णयानुसार, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो. पूर्वी ही तारीख ३० सप्टेंबर होती. केंद्रीय विद्यालयांत मात्र ३१ मार्चलाच सहा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, म्हणजे आपला मुलगा तेथे पुढच्या वर्षी पात्र ठरला असता. एकाच शहरातील दोन शाळा एकाच मुलाबद्दल दोन वेगळी उत्तरे देतात, यावरून हे ध्यानात घ्यावे की ही तारीख प्रशासनाची सोय आहे आणि तिच्यावरून मुलाच्या वाढीविषयी काहीही ठरत नाही.

सासूबाईंची शंका अनाठायी नाही. आपल्या मुलाच्या वर्गात जानेवारीत जन्मलेली मुलेही असतील आणि ती त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी असतील. या वयात दहा महिन्यांचा फरक उंचीत दिसतो, बोलण्यात दिसतो आणि पेन्सिल धरण्यात तर फारच दिसतो. तरीही आपण जे लिहिले आहे त्यावरून मला थांबण्याचे कारण दिसत नाही. लिहिण्याचा कंटाळा हे साडेपाच वर्षांच्या मुलाचे नेहमीचेच लक्षण आहे. ओळखीच्या माणसांखेरीज कोणाशीही बोलत नसता, दोन सूचना एकामागून एक दिल्यावर ("चपला जागेवर ठेव आणि पाण्याची बाटली घेऊन ये") दुसरी हमखास विसरत असता, किंवा दहा मिनिटांची गोष्टही बसून ऐकू शकत नसता, तर मी सासूबाईंच्या बाजूने उभी राहिले असते. आणि तेव्हा मोठ्या गटातले तेच ते पुन्हा गिरवण्यात ते वर्ष जाणार नाही, याची खात्री शाळेकडून आधी करून घ्या, असे सांगितले असते.

त्याला पाठवा, मात्र पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला त्याचा जन्ममहिना सांगा. प्रवेश अर्जावर तारीख असतेच, पण जूनच्या गडबडीत चाळीस अर्ज पुन्हा उघडून पाहायला बाईंना सवड नसते.

प्रश्न : मुलगी मोठा गट पूर्ण करून पहिलीत जाईल. तिला मुळाक्षरे ओळखता येतात, पण बाराखडी येत नाही आणि अंक शंभरपर्यंत म्हणता येत असले तरी लिहिताना उलटसुलट होतात. आमच्याच सोसायटीतील तिच्या वयाचा मुलगा जोडाक्षरे लिहितो. सुट्टीत तिला लेखनाच्या वर्गाला घालावे, असे पत्नीचे मत आहे. आपला सल्ला हवा. (एक वडील, सिंहगड रस्ता)

उत्तर : घालू नये. आता सविस्तर लिहिते, कारण या आशयाची पत्रे सर्वांत जास्त आली आहेत.

बाराखडी हा पहिलीच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. ती पहिलीत शिकवली जाणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयाचा टप्पा एकसंध मानला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एक पायाभूत स्तर. वाचन-लेखनाचा पाया दुसरीच्या अखेरीपर्यंत घालायचा आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आपण ते काम मे महिन्यात संपवायला निघाला आहात.

हाताचा विचार करा. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि पुढे एकेक करून टणक होत जातात. सहाव्या वर्षी हे काम पूर्ण झालेले नसते. अशा हाताला रोज दोन-दोन पाने गिरवायला लावले की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते, खांद्यातून जोर लावते, नाक वहीला टेकवते, आणि ही पकड एकदा बसली की तिसरी-चौथीपर्यंत सुटत नाही. वर्गात बाई एकेका मुलाची बोटे धरून ती सुधारू शकत नाहीत. त्यामुळे घरी करायचे काम बोटांचे आहे, अक्षरांचे नाही. मटार सोलणे, लसूण सोलणे, निवडलेली मेथी एका ताटातून दुसऱ्यात टाकणे, कणकेचे साप आणि गोळे करणे, कागद आधी हाताने आणि मग बोथट कात्रीने रेषेवर कापणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे. चिमट्याचे काम आवर्जून द्या : अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांचा जो मेळ पेन्सिलीला लागतो, तोच चिमटा दाबताना लागतो. लिहायचेच असेल तर अंगणात किंवा गच्चीत खडूने मोठमोठे लिहू द्या, कारण मोठ्या हालचालीतून अक्षराचे वळण आधी दंडात उतरते आणि मग बोटांत.

अक्षरांविषयीही थोडे सांगते. अनेक शाळांत आता क, ख, ग, घ या क्रमाने अक्षरे शिकवत नाहीत. ज्यांची वळणे एकमेकांच्या जवळची आहेत ती ग, म, भ, न अशी एकत्र घेतात, शिवाय थोड्या अक्षरांतच 'नग', 'मन', 'गगन' असे शब्द तयार होऊ लागतात. घरी एक पद्धत आणि शाळेत दुसरी, असा प्रकार झाला की मुलगी गोंधळते आणि बाईंना आधीचे पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. त्याऐवजी तिचे कान तयार करा. 'क'पासून सुरू होणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू शोधायला सांगा : कढई, कांदा, कुकर, कोथिंबीर. हे जमले की शेवटच्या आवाजावरून शब्दांच्या भेंड्या खेळा. लहान मुलांना शब्दाचा शेवटचा आवाज पकडणे पहिल्यापेक्षा अवघड जाते, म्हणून हा क्रम ठेवावा. 'भाकरी'तली 'भा' काढली तर काय उरते, हा खेळ तर दुचाकीवर पुढे उभे राहूनही खेळता येतो. (तसे तिला पुढे उभे करू नये, हे वेगळे, पण सिंहगड रस्त्याला सिग्नलवर मी रोज पाहते म्हणून लिहिले.) ज्या मुलाला शब्दातले आवाज सुटे ऐकू येतात, त्याला बाराखडी फार पटकन येते.

अंक उलटे लिहिण्याची काळजी करू नका. आपल्या भाषेत 'एकवीस' म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. मुलगी ऐकते तसे लिहिते आणि १२ होतात. 'एकोणतीस'मध्ये तर नऊचा उच्चारच नाही, तिसातून एक वजा करायचा आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे संख्यावाचन दिले तेव्हा मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मांडलेली अडचण ही अशीच, मुलांची होती. वादात कोणाची बाजू घ्यायची ते घ्यावे, पण ही अडचण खरी आहे. शंभरपर्यंत म्हणता येणे हे पाठांतर झाले. तिला वीस शेंगा मोजून द्यायला सांगा, त्यांतल्या दहाची एक पुरचुंडी बांधायला सांगा, आणि पाच जण जेवायला असताना ताटे-वाट्या मांडायला सांगा. ताटे पाच, वाट्या दहा, हा हिशेब तिने स्वतः केला तर ती पहिलीच्या गणिताला तयार आहे.

राज्यातील शासकीय शाळांमध्ये २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तेथे मुलांना चित्र पाहून बोलायला, वस्तूंचे गट करायला, लहान-मोठ्याचा क्रम लावायला, उड्या मारायला, रंगवायला सांगतात आणि आयांना घरी करण्याच्या कृती समजावून देतात. आपली मुलगी खासगी शाळेत जाणार असली, तरी जवळच्या महापालिका शाळेत असा मेळावा असेल तर पत्नीने एकदा पाहून यावे. लेखनाच्या वर्गाचे शुल्कही वाचेल.

राहता राहिला सोसायटीतला मुलगा. तो जोडाक्षरे लिहितो, हे चांगलेच आहे. दोघे दुसरीच्या दिवाळीत कुठे असतील ते तेव्हा पाहू.

प्रश्न : नातू पाच वर्षे आठ महिन्यांचा आहे. मुलगा-सून दोघेही हिंजवडीला नोकरीला असल्याने तो माझ्याजवळच वाढला. अजून मी भरवते तेव्हाच जेवतो, शी-शूलाही मला हाक मारतो. शाळा सकाळी भरून दुपारी सुटते. त्याचे कसे होईल, या विचाराने झोप येत नाही. (एक आजी, नारायण पेठ)

उत्तर : आजी, आपल्या पत्राने मला सर्वांत महत्त्वाचा विषय काढून दिला. आपण त्याला वाढवलेत म्हणून घर चालले, हे आधी मान्य करू. आता उरलेल्या काळात आपल्यालाच थोडे मागे सरायचे आहे आणि ते भरवण्यापेक्षा कठीण आहे.

डब्यापासून सुरुवात करा. शाळेत न्यायचा तोच डबा आजच आणा आणि दुपारचे एक खाणे रोज त्याच डब्यातून, टीव्ही बंद ठेवून, जमिनीवर बसून होऊ द्या. झाकण त्याने उघडायचे आणि त्यानेच लावायचे. फिरकीचे झाकण मोठ्यांच्या हाताने गच्च बसते आणि मुलाच्या हाताने उघडत नाही. बाजूच्या कड्या ओढून उघडणारा डबा बरा, पण त्या कड्याही काही मुलांना जड जातात, म्हणून विकत घेताना दुकानातच त्याच्याकडून उघडून पाहावा. शाळेत मधल्या सुट्टीत हात धुण्यापासून डबा आवरण्यापर्यंत फार तर वीस मिनिटे मिळतात. त्या वेळात संपेल असेच द्या : तूप-गुळाच्या पोळीची गुंडाळी, थालीपिठाचे चौकोन, पोळीचा लाडू, कोरडी भाजी. तो निम्मा डबा परत आणेल. आणू द्या, आणि घरी आल्यावर लगेच ताट समोर ठेवून भरवू नका. अर्ध्या तासाने त्याला भूक लागली की तो स्वतः जेवेल.

शी-शूचा प्रश्न याहून मोठा आहे आणि त्यावर कोणी मोकळेपणाने लिहीत नाही. बहुतेक नव्या घरांतून कमोड असतात आणि अनेक शाळांतून भारतीय पद्धतीचे शौचालय असते. उकिडवे बसण्याची सवयच नसलेले मूल तेथे जाऊन घाबरते आणि घरी येईपर्यंत धरून ठेवते. मग जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. यातून बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ होते, आणि आपण समजतो की मूल शाळेच्या भीतीने आजारी पडले. नारायण पेठेतील आपल्या घरी किंवा शेजारी जुन्या पद्धतीचे शौचालय असेल तर तेथे त्याला सवय करा. चड्डी इलास्टिकची घ्या. हूक आणि पट्टा वर्षभराने. धुणे, हात साबणाने धुणे आणि कपडे वर ओढणे हे तिन्ही त्याने आपण दाराबाहेर उभ्या असताना करायचे, मग आपण पुढच्या खोलीत असताना.

आणखी एक गोष्ट. घराघरांत मुलांचे या कामाचे खास शब्द असतात, जे आजीलाच कळतात. त्याला सर्वांना कळेल असे एक वाक्य द्या, "बाई, मला शूला जायचंय," आणि ते तो अनोळखी माणसाला म्हणू शकतो का, ते पाहा. वाण्याकडे पाठवून "अर्धा किलो रवा द्या" असे त्यानेच सांगायचे, आपण पायरीवर थांबायचे. पहिलीतल्या मुलाला स्वतःची गरज ओळखीच्या नसलेल्या मोठ्या माणसाला सांगता आली की बाकीचे पुष्कळ सुकर होते. हे काम बाई त्याच्या वतीने करू शकत नाहीत.

पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीची दुसरी वर्धक लस असते. ती राहिली असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. त्याच फेरीत डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळ्यापासून लांब बसलेले मूल 'लक्ष देत नाही' असे ठरते, तेव्हा पुष्कळदा त्याला दिसत नसते.

प्रश्न : पहिलीच्या प्रवेशासाठी एका शाळेने मुलीला 'गप्पा मारायला' बोलावले आहे. त्यासाठी रंग, फळे, आकार यांची इंग्रजी नावे पाठ करून घ्यावीत का? (एक आई, बाणेर)

उत्तर : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाचणी घेऊन निवड करता येत नाही, तसे केल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. त्यामुळे आपली शाळा कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहा. गप्पा प्रवेश निश्चित झाल्यावर असतील तर हरकत नाही. प्रवेश त्या गप्पांवर ठरणार असेल, तर तसे लेखी विचारा. लेखी विचारले की बऱ्याच गोष्टी आपोआप बदलतात. पाठांतर मात्र करून घेऊ नका. मुलगी 'पर्पल' म्हणाली काय आणि जांभळा म्हणाली काय, तिला रंग कळतो हे कळायला दोन्ही पुरेसे आहे.

प्रश्न : घरी आम्ही सगळे मराठी बोलतो, मुलगा इंग्रजी माध्यमाच्या पहिलीत जाणार आहे. आतापासून घरी इंग्रजी सुरू करावे का? (वडील, हडपसर)

उत्तर : नाही. ज्या भाषेत आपण चिडता, चेष्टा करता आणि गोष्ट सांगता, तीच भाषा घरात ठेवा. मुलाचा शब्दसंग्रह आणि तर्क तिच्यातच वाढतो आणि पुढे तोच इंग्रजीला उपयोगी पडतो. पाणी हवे आहे, बरे वाटत नाही, समजले नाही, एवढी दोन-चार वाक्ये इंग्रजीत शिकवली की निकड भागते. इंग्रजी गोष्टींची चित्रपुस्तके आणा आणि त्यांच्यावर मराठीत खुशाल गप्पा मारा.

प्रश्न : मुलगी बालवाडीत घराजवळ चालत जायची. आता रिक्षाने जावे लागेल. ती आत्तापासूनच "मी नाही जाणार" म्हणून रडते. पहिले दिवस कसे निभवावेत? शिवाय दप्तर फार जड असते असे ऐकले. (आई, कोथरूड)

उत्तर : दप्तराचे आधी. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावे, असा राज्य शासनाचा २०१५ चा निर्णय आहे. मुलगी अठरा-वीस किलोची असेल तर दोन किलोच्या आत. यातले निम्मे वजन अनेकदा रिकाम्या दप्तराचे, कंपासपेटीचे आणि लिटरभर पाण्याचे असते. अप्पा बळवंत चौकात वह्या घ्यायला जाल तेव्हा दप्तर हातात उचलून पाहा, त्यावरची परी किंवा मोटार पाहू नका. चाकांचे दप्तर रिक्षात अडते आणि पावसात चिखल घेऊन घरी येते.

रडण्याबद्दल. शाळा सुरू होण्यापूर्वी दोन-तीनदा त्याच वेळेला, त्याच रस्त्याने तिला शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन आणा. रिक्षाकाकांशी सुट्टीतच ओळख करून द्या. त्यांनी तिचे नाव घेऊन हाक मारली की निम्मे काम होते. झोपेची वेळ मेच्या अखेरीपासून रोज थोडी अलीकडे आणा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शासनाने २०२४ मध्ये सांगितले आहे, पण ते सगळीकडे पाळले जातेच असे नाही, आणि रिक्षा सर्वांना गोळा करत जाते म्हणून पहिल्या मुलाला पाऊण तास आधी निघावे लागते. नऊ-दहा तास झोप झालेली नसेल तर मूल त्या पाऊण तासातच रडवेले होते.

निरोप थोडक्यात घ्या. न सांगता निघून जाऊ नका, आणि "रडली नाहीस तर चॉकलेट" असा सौदाही करू नका. घ्यायला येईन असे म्हटले असेल तर वेळेआधी उभ्या राहा. ती इकडेतिकडे शोधत आहे आणि आई दिसत नाही, असे एकदा झाले तरी पुढचा आठवडा जड जातो. घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" याला बहुतेक मुले "काही नाही" म्हणतात. "डबा कोणाशेजारी बसून खाल्लास?" असे विचारावे, तेथून बोलणे सुरू होते.

बहुतेक मुलांचे रडणे पहिल्या काही आठवड्यांत ओसरते. जुलै संपत आला तरी रोज सकाळी पोट दुखत असेल, उलटी होत असेल, तर बाईंना भेटा, पण त्याआधी एक चौकशी करा. वर्गात ती कशी असते, असे बाईंना विचारा. वर्गात ती हसतखेळत असेल तर भीती शाळेची नसून रिक्षाची आहे. मोठ्या मुलांनी मांडीवर बसवणे, चिमटे काढणे, दांडीला लटकणारी सहा-सात दप्तरे अंगावर येणे, वाटेत शूला लागली तर सांगता न येणे, हे सगळे त्या पाऊण तासात घडते आणि ते पाहायला तेथे रिक्षाकाकांशिवाय कोणी मोठे माणूस नसते. तिच्या मागोमाग एक दिवस दुचाकीवरून जा. काकांना तिची जागा ठरवून द्यायला सांगा, रिक्षात किती मुले बसवतात ते मोजा, आणि संख्या जास्त असेल तर इतर पालकांना बरोबर घेऊन शाळेच्या परिवहन समितीकडे तक्रार करा.